अठरा रुपयांची भेळ

वर्गसमीकरणाच्या प्रकरणाच्या शेवटी जी शाब्दिक उदाहरणे असतात, त्यांत एक दुकानदार हमखास भेटतो. हा दुकानदार मोठा भाग्यवान असतो. एका वस्तूची किंमत 'क' रुपये ठेवली तर नफा −४क² + १४४क − ७२० रुपये होईल, हे त्याला अगोदरच ठाऊक असते. कसे ठाऊक झाले, ते पुस्तक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सहगुणक उचलायचे, सूत्रात घालायचे, आलेला आकडा चौकटीत लिहायचा आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. या गणितात दोन मिनिटांत पाच गुण मिळतात, म्हणून ते विद्यार्थ्यांना आवडते. तपासायला सोपे, म्हणून आम्हा शिक्षकांनाही आवडते.

माझे मत असे आहे की या आवडीपायी आपण त्या उदाहरणातला बहुतेक माल फेकून देतो आणि नुसती साल घरी आणतो. हे मत माझे मला सुचले असते तर बरे झाले असते. पण ते मला दहावीतल्या एका मुलीच्या उत्तरपत्रिकेने सुचवले, आणि तेही मी तिचा अर्धा गुण कापल्यानंतर.

आमच्या शाळेत डिसेंबरात आनंदमेळा भरतो. प्रत्येक वर्गाचा एक स्टॉल असतो आणि जमलेले पैसे वर्गाच्या पुस्तकपेटीत जातात. या वर्गाचा स्टॉल भेळेचा. आठवीत असताना त्यांनी १० रुपयांना प्लेट विकली, तेव्हा ८० प्लेट खपल्या. नववीत किंमत १५ रुपये केली, तेव्हा ६० खपल्या. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंचेचे पाणी आणि कागदी द्रोण मिळून एका प्लेटीला ६ रुपये खर्च येतो, असा त्यांचा हिशोब होता. मुलांच्या वहीतले हे आकडे घेऊन मी चाचणी परीक्षेत प्रश्न घातला : किंमत किती ठेवावी म्हणजे नफा कमाल होईल?

प्रथम गणित करून टाकू. किंमत ५ रुपयांनी वाढली तेव्हा विक्री २० प्लेटांनी घटली, म्हणजे रुपयामागे ४ प्लेट. हा घटीचा दर तसाच राहतो असे धरले तर विक्री = १२० − ४क. (क ला १० आणि १५ या किमती देऊन पडताळा पाहा.) एका प्लेटीमागे सुटतात क − ६ रुपये. म्हणून

नफा = (क − ६)(१२० − ४क) = ४(क − ६)(३० − क).

येथे थांबा आणि कंसांकडे नीट पाहा. क − ६ आणि ३० − क यांची बेरीज केली तर क नाहीसा होतो आणि नेहमी २४ च उरतात. बेरीज ठरलेली असताना दोन संख्यांचा गुणाकार सर्वांत मोठा केव्हा होतो? त्या समान असतात तेव्हा. कारण एक संख्या १२ हून 'ट' ने मोठी असेल तर दुसरी तितकीच लहान असणार, आणि (१२ + ट)(१२ − ट) = १४४ − ट². ट शून्य नसेल तर गुणाकार १४४ हून कमीच भरतो. तेव्हा दोन्ही कंस १२ चे हवेत, म्हणजे क = १८. विक्री ४८ प्लेट, नफा ५७६ रुपये. सूत्र नाही, कलनशास्त्र तर नाहीच. युक्लिडच्या ग्रंथातील दुसऱ्या भागाचे पाचवे प्रमेय हेच सांगते, फक्त तेथे संख्यांऐवजी रेषा, आयत आणि चौरस आहेत. म्हणजे सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला आपला भेळेचा भाव काढता आला असता.

हीच गोष्ट एका ओळीत अशी लिहिता येते :

नफा = ५७६ − ४(क − १८)².

या ओळीला आपले पाठ्यपुस्तक पूर्ण वर्ग पद्धती म्हणते. आलेख काढला तर उलट्या कढईसारखा अन्वस्त मिळतो. ६ आणि ३० या किमतींवर तो जमिनीला टेकतो आणि बरोबर मध्ये, १८ वर, त्याचा शिरोबिंदू येतो.

आता ती उत्तरपत्रिका. मुलीने १८ हे उत्तर अचूक काढले होते. पण चौकटीखाली तिने आणखी लिहिले होते : "पण आम्ही १५ च ठेवू. नफा फक्त ३६ रुपये कमी होतो आणि १२ प्लेट जास्त जातात." मी लाल शाईने 'विचारले तेवढेच लिहावे' असा शेरा मारला आणि पानभर नेटके गणित असूनही अर्धा गुण कापला. पंचवीस वर्षे पेपर तपासण्याची सवय हाताला लागली की हात डोक्याला विचारीत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना तिने तक्रार केली नाही. तिने विचारले, "सर, मग सोळा रुपये ठेवले तर चालेल का? वीस रुपयांना जेवढे मिळतात तेवढेच सोळाला मिळतात." मी फळ्यावर आकडे मांडले. १६ रुपयांना नफा १० × ५६ = ५६० रुपये. २० रुपयांना १४ × ४० = ५६० रुपये. पैसे तेच; पण एका बाजूला ५६ मुलांच्या हातांत भेळ आहे आणि दुसऱ्या बाजूला ४० मुलांच्या. वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "वीसची नोट द्यायला सोपी पडते, सर." तोही मुद्दा खोटा नव्हता.

या मुलीने नेमके काय केले होते? तिने माझ्या गणिताला विरोध केला नव्हता. तिने ते गणित शेवटपर्यंत वाचले होते आणि मी चौकटीपाशी वाचायचा थांबलो होतो. ५७६ − ४(क − १८)² या ओळीत कमाल किंमत जशी आहे, तशीच तिच्यापासून दूर गेल्याचा दंडही आहे. एक रुपया चुकलात तर दंड ४ रुपये, दोन रुपये चुकलात तर १६, तीन चुकलात तर ३६. दंड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शिखराजवळ तो अगदी क्षुल्लक असतो आणि लांब गेल्यावर अंगावर येतो : आठवीतल्या १० रुपयांना तो २५६ झाला होता. शिखर टोकदार नसते, माथ्यावर पठार असते. पठारावर उभे असलेल्या माणसाला डावीकडे की उजवीकडे हे ठरवण्याची मोकळीक असते. ही मोकळीक मुलांना दाखवायची नाही, तर अन्वस्त शिकवायचा कशाला?

शिखराजवळच्या या सपाटीकडे बारकाईने पाहणाऱ्यांत योहानेस केप्लर होता. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या या ज्योतिर्विदाने १६१३ साली दुसरे लग्न केले आणि लिंझच्या घरात दारूची पिंपे आणवली. विक्रेता पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक काठी तिरकी आत खुपसून ती किती भिजली एवढेच पाही आणि तेवढ्यावरून किंमत सांगे. पिंपे वेगवेगळ्या घडणीची असताना एकाच काठीने सर्वांचे माप कसे निघेल, ही शंका केप्लरला स्वस्थ बसू देईना. त्यातून १६१५ साली पिंपांच्या घनफळावरचे त्याचे पुस्तक निघाले. त्याला आढळले की ऑस्ट्रियातील पिंपांची घडण, तेवढ्याच तिरक्या मापात सर्वांत जास्त मावेल अशा प्रमाणाच्या अगदी जवळ आहे, आणि म्हणूनच कारागिराचा हात थोडा चुकला तरी मावणाऱ्या दारूत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. काठीवाला अगदीच लबाड नव्हता तर! पिंपाचे गणित वर्गाचे नसून घनाचे आहे. पण कोणत्याही गुळगुळीत शिखराचा माथा जवळून पाहिला तर सामान्यतः अन्वस्तासारखाच दिसतो.

त्या दिवशी तास संपेपर्यंत आम्ही भेळच खाल्ली, म्हणजे फळ्यावर. मी मुलांना विचारले, समजा शाळेने या वर्षी प्रत्येक स्टॉलकडून जागेचे ५० रुपये घेतले, तर किंमत किती वाढवाल? बहुतेकांनी भराभर हिशोब केला : ४८ प्लेट, ५० रुपये, म्हणजे प्लेटीमागे साधारण एक रुपया, भेळ १९ ला विका. तुम्हीही असेच म्हणाला असाल. आता करून पाहा. १८ ला नफा उरतो ५७६ − ५० = ५२६. १९ ला उरतो ५७२ − ५० = ५२२. किंमत वाढवून चार रुपये आणखी गेले! जागेचे भाडे सगळ्या अन्वस्ताला उचलून ५० ने खाली ठेवते. शिरोबिंदू खाली येतो, पण डावीउजवीकडे सरकत नाही.

कांदा महागला तर मात्र गोष्ट वेगळी. प्लेटीचा खर्च ६ चा ८ झाला की नफा होतो ४(क − ८)(३० − क). कंसांची बेरीज २२, प्रत्येक कंस ११, म्हणून किंमत १९. खर्च दोन रुपयांनी वाढला, पण कमाल नफ्याची किंमत एकाच रुपयाने वाढली. निम्मी वाढ गिऱ्हाइकावर, निम्मी दुकानदारावर. 'खर्च वाढला की भाव तेवढाच वाढवावा' हे बाजारातले शहाणपण या रेषेपुरते तरी दोन्ही वेळा चुकले. हे मुलांना सूत्रातून कधी कळले नसते.

या विचाराला चांगला जुना वंश आहे. १८३८ साली आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने संपत्तीच्या गणिती तत्त्वांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने औषधी पाण्याच्या झऱ्याचा एक मालक उभा केला. असे पाणी दुसऱ्या कोणाकडेच नाही, आणि पाणी काढायला खर्चही नाही. लिटरला शंभर फ्रँक मागायला त्याला कोणाचा अडसर नाही. पण घेणारेच इतके थोडे की एवढ्या भावाने झऱ्याचे फारसे काही मिळणार नाही. म्हणून तो भाव उतरवीत जातो आणि किंमत गुणिले विक्री हा गुणाकार जेथे सर्वांत मोठा होतो तेथे थांबतो. ठोक कराने मक्तेदाराची किंमत बदलत नाही आणि नगामागे बसवलेल्या कराने बदलते, हेही कूर्नोने त्याच पुस्तकात दाखवले. आपल्या भाड्याची आणि कांद्याची गोष्ट तीच. समकालीनांनी त्या पुस्तकाकडे फारसे लक्ष दिले नाही. समीकरणांना लोक भितात असे बहुधा त्याला वाटले असावे. १८६३ साली त्याने हाच विषय एकही समीकरण न घालता पुन्हा लिहिला.

झऱ्याचा मालक कमाल पैसा मिळवून थांबतो. पण त्या क्षणी झऱ्याकाठी कोण कोण तहानलेले उरते? हा प्रश्न फ्रान्समधल्याच ज्यूल द्युप्युई या इंजिनियराने विचारला. सरकारी रस्ते आणि पूल बांधणे हा त्याचा धंदा. १८४४ साली सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजावी यावर त्याने एक लेख लिहिला. पुलावर पथकर बसवला की काही लोक पूल ओलांडणे सोडून देतात. पूल तर बांधून झालेला आहे. आणखी एक माणूस त्यावरून गेल्याने पुलाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मग जो परत फिरला त्याचे नुकसान झाले आणि त्या नुकसानातून कर घेणाऱ्याला एक पैही मिळाली नाही. हा तोटा कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. द्युप्युईचे म्हणणे, तो मोजला पाहिजे.

आमच्या भेळेवर हे लावून पाहा. भेळ खर्चाच्याच भावाने, ६ रुपयांना दिली तर रेषेप्रमाणे ९६ प्लेट जातील. कमाल नफ्याच्या किमतीला जातात ४८. नेमक्या निम्म्या! हा योगायोग नाही. मागणीची रेषा सरळ असेल आणि प्रत्येक नगाचा खर्च ठरलेला असेल, तर कमाल नफा देणारी किंमत नेहमीच खर्चाच्या भावाने घेऊ शकणाऱ्यांपैकी निम्मी मागणी बाहेर ठेवते. वाटल्यास आकडे बदलून सिद्ध करा. चार ओळींचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल, मग नफा वाईट का? मी असे म्हणत नाही. पुस्तकपेटीला पैसे हवे होते आणि ते नफ्यातूनच येणार होते. माझे म्हणणे एवढेच की 'कमाल' या शब्दाच्या मागे 'कशाचे?' हा प्रश्न उभा असतो, आणि तो आपण प्रश्नपत्रिकेत मुलांच्या वतीने परस्पर सोडवून टाकतो. त्याऐवजी असे विचारता येईल : पुस्तकपेटीला निदान ५०० रुपये हवे आहेत, तर कमीत कमी किती पूर्ण रुपये किंमत ठेवली तर चालेल? ५७६ − ४(क − १८)² किमान ५०० हवे, म्हणजे (क − १८)² जास्तीत जास्त १९. त्यावरून १४ रुपये. त्या किमतीला ६४ प्लेट आणि ५१२ रुपये. या प्रश्नालाही एकच बरोबर उत्तर आहे, तपासायलाही तो सोपा आहे, आणि वर्गसमीकरणही त्यात अधिक सोडवावे लागते.

शिक्षकांच्या खोलीत हे बोलून दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. असे मोकळे सोडले तर प्रत्येक जण वेगळे उत्तर लिहील, गुण कशाला द्यायचे, आणि अभ्यासक्रम कोण पुरा करणार? वेळेची अडचण मी मान्य करतो. ती खरी आहे आणि माझ्याकडे तिला उपाय नाही. पण वेगळ्या उत्तरांची भीती मला पटत नाही. '१५ ठेवू' असे नुसते लिहिणाऱ्याला शून्य द्यावे. '१५ ठेवू, कारण ३६ रुपयांच्या बदल्यात १२ प्लेट' असे लिहिणाऱ्याने गणित जास्त केले आहे, कमी नाही.

एक कबुली राहिली. या सगळ्या डोलाऱ्याखालची रेषा फक्त दोन बिंदूंवर उभी आहे. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. त्यात रेषेचे कर्तृत्व काही नाही. किंमत शून्य ठेवली तर या रेषेप्रमाणे १२० प्लेट जातील. फुकट भेळेला आमची सगळी शाळा लोटेल हे शिपाईसुद्धा सांगेल. शिवाय आठवीच्या वर्षी शेजारी वड्याचा स्टॉल नव्हता आणि नववीच्या वर्षी होता. मग विक्री किमतीमुळे घटली की वड्यामुळे? कूर्नोने मागणीला एक फलन मानले, पण ते सरळ रेषेचे आहे असे कोठेही धरले नाही; ते निरीक्षणातून मिळवायला हवे हे तो जाणून होता. आम्ही मात्र पुस्तकात रेषा आयती देतो आणि ती कोणी मोजली हे सांगायला विसरतो. माथ्यावर पठार असल्याचा येथेही उपयोग होतो : रेषा थोडी चुकली आणि १८ च्या जागी खरी कमाल किंमत १७ किंवा १९ असली, तरी फार बिघडत नाही. रेषा पुष्कळ चुकली तर बिघडते.

गेल्या डिसेंबरात दहावीच्या वर्गाला स्टॉल द्यावा की नाही यावरच आधी वाद झाला, कारण दहावीचे वर्ष. शेवटी परवानगी मिळाली. वर्गाने मतदान घेऊन किंमत १५ ठरवली आणि रेषेवर विश्वास ठेवून ६० प्लेटांचेच सामान आणले. मेळा पाच वाजेपर्यंत होता. साडेतीनला चुरमुऱ्यांचा डबा रिकामा झाला. शेवटच्या प्लेट हात आखडून भरल्या होत्या, म्हणून एकूण ६३ भरल्या. त्यानंतरही रांगेत मुले होती, पण किती, ते मोजायचे कोणाला सुचले नाही.

संध्याकाळी हिशोबाची वही भरताना १५ रुपयांसमोर काय लिहायचे यावर घासाघीस सुरू झाली. एक जण म्हणाला, ६३ लिहा, तेवढ्याच विकल्या. त्या मुलीने वही ओढून घेतली. तिचे म्हणणे, ६३ हा आपल्या सामानाचा आकडा आहे, मागणीचा नाही. वहीत आता १५ समोर '६३ किंवा जास्त' असे लिहिलेले आहे, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या भेळेसाठी नववीच्या वर्गाकडे दिली आहे.